वाकेरी, वाघाटी आणि वागाटिया: एका काटेरी झुडपाच्या नावाचा इतिहास

डिसेंबर-जानेवारीत कर्जतहून कोंदिवडेमार्गे कोंडाणे लेण्यांकडे गेलात, तर राजमाचीच्या पायथ्याच्या जंगलात एक काटेरी झुडूप तुम्हाला थांबवेल. थांबवेल दोन्ही अर्थांनी. एक तर त्याचे आकडेदार काटे शर्टाला धरतात, आणि दुसरं म्हणजे त्याचा फुलोरा. हातभर लांब, ताठ उभा दांडा आणि त्याला चिकटून खालपासून वरपर्यंत लाल-नारिंगी फुलं. लांबून बघितलं तर कुणीतरी जाळीत पेटती मशाल रोवलीय असं वाटावं.

सोबतच्या गावकऱ्याला विचारलंत तर उत्तर मिळेल 'वाकेरी'. दुसरा कुणी म्हणेल 'वाघाटी'. मोबाईलवरचं ॲप सांगेल 'मौलावा स्पिकाटा'. आणि कॉलेजच्या लायब्ररीतल्या जुन्या जाडजूड पुस्तकात चित्र जुळवलंत तर खाली लिहिलेलं असेल 'वागाटिया स्पिकाटा'. झुडूप एक आणि नावं चार. आता प्रबंधात काय लिहायचं?

पीएच.डी.ची तयारी करणाऱ्या अनेकांना वाटतं की वनस्पतीची ओळख पटवणं हे पहिल्या महिन्यात उरकायचं काम आहे. नाव मिळालं की खरं संशोधन सुरू. या लेखात मला सांगायचंय ते असं की नाव मिळणं ही अर्धी ओळख असते. त्या नावाचा इतिहास वाचता आला तरच ती पुरी होते. वाकेरीचा इतिहास यासाठी फार सोयीचा आहे, कारण तो कोचीपासून पॅरिसपर्यंत फिरतो आणि परत आपल्या मराठीपाशी येतो.

आधी झुडूप नीट बघू

इतिहासात शिरण्याआधी हातातली फांदी बघा. शाळेत आपण शिकलेलो असतो की शेंगवर्गातल्या वनस्पतींचं फूल फुलपाखरासारखं असतं: वाटाणा, पावटा, पळस. इथे तसं काहीच दिसत नाही. पाकळ्या धड उघडतसुद्धा नाहीत. मग हे झुडूप शेंगवर्गातलं कशावरून?

तीन गोष्टी बघा. पान संयुक्त आहे, तेही दोनदा विभागलेलं: मुख्य दांड्याला उपदांडे आणि उपदांड्यांना पर्णिका. दुसरं, पानाच्या देठाच्या तळाशी छोटा फुगवटा आहे. शेंगवर्गात हा फुगवटा जवळजवळ सगळीकडे सापडतो. तिसरं म्हणजे शेंग. ती उन्हाळ्याच्या सुमारास तयार होते: जाड कडांची, फुगीर, आणि बियांच्या मधल्या जागी आवळल्यासारखी. फुलपाखरी फूल हा शेंगवर्गाच्या एका उपकुळाचा विशेष आहे, सगळ्या कुळाचा नाही. 2017 मध्ये या कुळाच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने जी नवी मांडणी केली, तिच्यात सहा उपकुळं आहेत. आपलं झुडूप गुलमोहराच्या उपकुळात बसतं.

आता या जंगलातले त्याचे काटेरी भाऊबंद बाजूला काढू. चिल्हारही काटेरी, तिचीही पानं तशीच. पण चिल्हारीची फुलं पिवळी असतात, लांब देठांची आणि छान उघडणारी. शेंग चपटी आणि टोकाला चोच असलेली. सागरगोट्याची शेंगच काट्यांनी भरलेली असते, त्यामुळे तिथे गोंधळ व्हायला नको. शिकेकाईची फुलं गोल गेंदांत येतात आणि पर्णिका अगदी बारीक. आपल्या झुडपाची फुलं मात्र जवळजवळ बिनदेठाची असतात आणि ती कणसातल्या दाण्यांसारखी दांड्याला चिकटलेली असतात. 'स्पिकाटा' या लॅटिन शब्दाचा अर्थच कणीस असलेली. म्हणजे नावाचा दुसरा शब्द तुम्हाला ओळखीची खूणच सांगतोय.

आता पहिला शब्द. खरी गोष्ट तिथे आहे.

कोचीची चित्रं आणि पॅरिसचं पुस्तक

सतराव्या शतकात मलबारच्या किनाऱ्यावर डच ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल होता. तिथला डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने त्या मुलखातल्या वनस्पतींचा एक प्रचंड ग्रंथ तयार करवून घेतला: 'होर्टुस मलबारिकुस'. 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला त्याचे 12 खंड छापले गेले आणि त्यात सातशेहून अधिक वनस्पतींची वर्णनं आणि चित्रं आली. वनस्पतींची नावं स्थानिक ठेवलेली होती. त्यांतलंच एक नाव होतं 'मौलावा'.

या ग्रंथाचं एक वैशिष्ट्य संशोधन करू पाहणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं आहे. ऱ्हीडने माहिती देणाऱ्यांची नावं छापली. इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य, आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पू भट हे कोचीत राहणारे तीन कोंकणी वैद्य. या तिघांचं निवेदन पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेलं आहे. भाषा कोंकणी. साडेतीनशे वर्षांपूर्वी युरोपात छापलेल्या वनस्पतींच्या पुस्तकात आपल्याला वाचता येणारी अक्षरं आहेत!

पुढे 1753 मध्ये लिनियसचं 'स्पीशीज प्लांटारम' आलं. वनस्पतींच्या शास्त्रीय नावांची मोजणी तिथून सुरू होते. त्याआधीचं नाव कितीही जुनं असलं तरी नियमांच्या दृष्टीने ते गणतीत नसतं. म्हणून ऱ्हीडच्या पुस्तकातलं 'मौलावा' हे नुसतं स्थानिक नाव राहिलं असतं. पण 1763 मध्ये पॅरिसमध्ये मिशेल आडान्सन या फ्रेंच शास्त्रज्ञाने वनस्पतींच्या कुळांवर एक ग्रंथ छापला आणि त्यात 'मौलावा' हा शब्द जीनसचं, म्हणजे वंशाचं नाव म्हणून घेतला. आधार होता ऱ्हीडचं चित्र आणि वर्णन. आडान्सन सेनेगलमध्ये काही वर्षं राहून आला होता. हिंदुस्थानात तो कधी आला नव्हता. पण लिनियसच्या सोप्या पद्धतीपुढे आडान्सनचं काम मागे पडलं आणि 'मौलावा' हे नाव कपाटात बंद झालं.

कस्टम्समधला साहेब आणि मराठी शब्द

1841 मध्ये निकोल अलेक्झांडर डाल्झेल हा स्कॉटिश तरुण मुंबई इलाख्याच्या नोकरीत आला. नोकरी जकात खात्यातली, नाद वनस्पतींचा. कोकण आणि घाटात फिरून तो नमुने गोळा करायचा आणि नव्या वाटलेल्या वनस्पतींची वर्णनं विल्यम हूकर यांच्या लंडनहून निघणाऱ्या वनस्पतिशास्त्राच्या नियतकालिकात छापायचा. 1851 मध्ये त्याच नियतकालिकात त्याने आपल्या या झुडपाचं वर्णन छापलं. त्याच्या मते हे झुडूप तेव्हाच्या कुठल्याच जीनसमध्ये बसत नव्हतं. म्हणून त्याने नवा जीनस केला, आणि नाव घेतलं इथल्या लोकांच्या तोंडचं. 'वागाटी'वरून वागाटिया.

थोडं थांबून विचार करा. त्या काळात नव्या जीनसला राजा-राणीचं, गव्हर्नरचं किंवा मित्राचं नाव देणं सर्रास चालायचं. डाल्झेलने मराठी शब्द उचलला आणि त्याला लॅटिन शेपूट लावलं. पुढची सव्वाशे वर्षं जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी या झुडपाला मराठी नावानेच हाक मारली.

नाव लवकर रुळलं. 1861 मध्ये डाल्झेल आणि अलेक्झांडर गिब्सन यांचं 'द बॉम्बे फ्लोरा' आलं. गिब्सन म्हणजे दापोडीच्या सरकारी बागेचा जुना अधीक्षक आणि मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक. त्याच्या जागी नंतर डाल्झेलच आला. त्यानंतर जोसेफ हूकर यांच्या 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया'च्या दुसऱ्या खंडात 'वागाटिया' आलं. मग थिओडोर कुक. हा गृहस्थ मुळात इंजिनियर, पुण्याच्या सायन्स कॉलेजचा प्राचार्य. त्याचं 'द फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' 1901 पासून 1908 पर्यंत भागाभागाने निघालं आणि आजही आपल्या प्रत्येक हर्बेरियममधल्या टेबलावर असतं. 1953 मध्ये फादर सांतापाव यांनी खंडाळ्याचा फ्लोरा छापला. खंडाळा म्हणजे कोंडाण्याच्या डोक्यावरचाच घाटमाथा, त्यामुळे या भागात काम करणाऱ्याने तो आधी वाचावा.

म्हणजे 1851 पासून शंभर वर्षांहून जास्त काळ या झुडपाविषयी जे काही लिहिलं गेलं, ते 'वागाटिया' या नावाखाली आहे. हा मुद्दा जपून ठेवा.

मग मराठी नाव गेलं कुठे?

नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम पहिल्यांदा ठरले 1867 मध्ये, पॅरिसला. म्हणजे डाल्झेलनंतर 16 वर्षांनी. त्या नियमांचा कणा आहे अग्रहक्क: एकाच वंशाला दोन नावं असतील तर 1753 नंतर रीतसर छापलेलं जुनं नाव चालणार. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेतले डॅन निकल्सन आणि त्यांचे भारतीय सहकारी ऱ्हीडच्या ग्रंथातली एकेक वनस्पती आजच्या नावांशी जुळवत होते. त्या कामात दिसलं की ऱ्हीडचं 'मौलावा' आणि डाल्झेलचं 'वागाटिया' एकच. आडान्सन 1763, डाल्झेल 1851. निकाल उघड होता. जीनस झाला मौलावा. स्पीशीजचं नाव मात्र डाल्झेलचंच राहिलं: स्पिकाटा.

म्हणूनच आज शास्त्रीय नावाच्या पुढे कंसात डाल्झेल आणि कंसाबाहेर निकल्सन असं लिहितात. कंसातला माणूस म्हणजे ज्याने पहिल्यांदा वर्णन केलं तो. बाहेरचा म्हणजे ज्याने ते नाव आजच्या जीनसमध्ये आणलं तो. कोंडाणे लेण्यांत एका शिल्पाजवळ ब्राह्मी लिपीत कोरलंय की कान्हाचा शिष्य बालक याने हे केलं. कर्त्याचं नाव कामाला जोडून ठेवायची ही रीत तशी जुनीच आहे. प्रबंधात कर्त्यांची नावं गाळू नका. त्या दोन नावांत सव्वाशे वर्षांचा इतिहास दुमडलेला असतो.

एक प्रश्न तुमच्या मनात येईल. रुळलेलं नाव टिकवायची काही सोय नाही का? आहे. एखाद्या जुन्या, विस्मृत नावामुळे मोठा गोंधळ होणार असेल, तर आंतरराष्ट्रीय समितीकडे प्रस्ताव देऊन रुळलेलं नाव राखून ठेवता येतं. वागाटियाच्या वाट्याला ते आलं नाही. इथे कुणी खलनायक नाही. मराठी शब्दाची जागा मलबारातल्या स्थानिक शब्दाने घेतली, लंडन किंवा पॅरिसच्या शब्दाने नाही. आणि आपल्याकडे हे एकदाच घडलेलं नाही. कारवीवरून 1944 मध्ये ब्रेमेकॅम्प याने 'कार्विया' हा जीनस केला होता. आज बहुतेक जण कारवीला पुन्हा 'स्ट्रोबिलँथिस'मध्येच धरतात.

गोष्ट अजून संपत नाही. 2016 मध्ये एडेलिन गॅन्यों आणि सहकाऱ्यांनी डीएनएच्या आधारे 'सिसाल्पिनिया' या अवाढव्य गटाची फेररचना केली आणि त्याचे 26 जीनस केले. चिल्हार 'बियांकिया'त गेली, सागरगोटा 'गिलँडिना'त. तोवर एकट्या-दुकट्या असलेल्या मौलावाला मात्र नातेवाईक मिळाले: आता त्यात चार स्पीशीज आहेत, आणि त्यांतली एक आफ्रिकेतली आहे. डाल्झेलला जे झुडूप कुठेच बसत नाही असं वाटलं, त्याचं वेगळेपण डीएनएनेही मान्य केलं. फक्त कुटुंब थोडं मोठं निघालं.

हे सगळं तुम्हाला का माहीत हवं

आता मुद्द्याचं. समजा तुम्ही या झुडपाच्या मुळांतल्या रसायनांवर काम करणार आहात. साहित्याचा आढावा घ्यायला बसलात आणि सर्च बॉक्समध्ये फक्त आजचं नाव टाकलंत. निकालात गेल्या चाळीस-पन्नास वर्षांचे पेपर येतील. 'वागाटिया' या नावाखालचं आधीचं सगळं सुटेल. मग तुम्ही लिहाल की या वनस्पतीवर फारसं काम झालेलं नाही, आणि तोंडी परीक्षेत कुणीतरी शांतपणे जुना ग्रंथ पुढे सरकवेल.

याच्या उलटा धोका स्थानिक नावाचा. 'वाघाटी' म्हटलं की महाराष्ट्रात बहुतेकांना वेगळीच वनस्पती आठवते: जिच्या फळांची भाजी आषाढी एकादशीचा उपास सोडताना द्वादशीला करतात ती. तिचं शास्त्रीय नाव 'कॅपॅरिस झेलॅनिका'. कुळच वेगळं. तिचं पान साधं, विभागलेलं नाही. फुलात भरपूर लांब केसर. आणि काटे वाघनखांसारखे. आकड्यासारखे काटे दोघींना आहेत, म्हणून नावही सारखं पडलं असावं. 'वाकेरी'चीही तीच तऱ्हा. जुन्या औषधी साहित्यात 'वाकेरीचं मूळ' हे 'सिसाल्पिनिया डिगायना'लाही म्हटलेलं दिसतं, आणि गंमत म्हणजे 2016 च्या फेररचनेत तीच मौलावामध्ये येऊन आपल्या झुडपाची सख्खी बहीण झाली! तेव्हा एखाद्या लेखात 'वाकेरीचं मूळ अमुक आजारावर देतात' असं वाचलंत तर लगेच उतरवून घेऊ नका. कोणती वाकेरी? फुलं कणसासारखी चिकटलेली की लांब देठांची पिवळी? हे कळल्याशिवाय ती माहिती तुमच्या झुडपाची नाही.

आणि हे नुसतं प्रबंधापुरतं नाही. मौलावा स्पिकाटा ही फक्त पश्चिम घाटात आढळणारी, प्रदेशनिष्ठ वनस्पती आहे. कोंडाण्याच्या खोऱ्यात उल्हास नदीवरच्या धरणाचा प्रकल्प दहा वर्षांहून अधिक काळ चर्चेत आहे. अशा प्रकल्पांच्या अहवालांत परिसरातल्या वनस्पतींची यादी जोडलेली असते. त्या यादीत नुसतं 'वाघाटी' लिहिलं, तर देशभर आढळणारी कॅपॅरिस आणि घाटाबाहेर न सापडणारी मौलावा यांत फरक राहत नाही. नाव नीट लिहिलं तरच त्या यादीला किंमत आहे.

मग करायचं काय

कामाचा क्रम सांगते, तुमच्या सोयीने बदला.

पहिलं, वनखात्याची परवानगी घेऊनच नमुना गोळा करा, आणि एकाच झुडपाकडे दोनदा जा: हिवाळ्यात फुलांसाठी, उन्हाळ्यात शेंगांसाठी. शेंगवर्गात शेंगेविना ओळख अनेकदा अर्धवट राहते. फुलांचा रंग जागेवरच लिहून ठेवा. वाळल्यावर तो नारिंगी राहत नाही.

दुसरं, ॲपचं उत्तर हा अंदाज समजा. मग फ्लोरातली ओळखकिल्ली एकेक पायरी करून स्वतः चालवा. रायगडसाठी भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने 1993 मध्ये छापलेला जिल्ह्याचा फ्लोरा आहे, शिवाय खंडाळ्याचा आणि कुकचा. तिन्हींत नाव वेगळं दिसलं तर घाबरू नका. वर्णन जुळतंय का ते बघा.

तिसरं, हर्बेरियममध्ये जाऊन जुन्या शीटशी नमुना ताडून घ्या. मुंबईत सेंट झेवियर्समधलं ब्लॅटर हर्बेरियम आहे, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं आणि आघारकर संशोधन संस्थेचं. तुमचाही नमुना जमा करून क्रमांक घ्या. उद्या जीनस पुन्हा बदलला तरी त्या क्रमांकाची शीट बदलत नाही. तुमचं काम कशावर झालं ते पन्नास वर्षांनीही तपासता येतं.

चौथं, क्यूच्या 'प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन'वर आजचं नाव आणि त्याखालची सगळी जुनी नावं बघा, आणि प्रत्येक नावाने स्वतंत्र शोध घ्या. मराठीतली नावंही शोधा, पण वरची गाळणी लावून.

पाचवी गोष्ट नियमांच्या पुस्तकात नाही, पण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. 'वागाटी' हा शब्द डाल्झेलला कुणीतरी सांगितला असणार. वाट दाखवणारा एखादा ठाकूर, एखादी कातकरी बाई, नाहीतर कचेरीतला एखादा कारकून. वागाटिया या नावात शब्द टिकला, सांगणारा टिकला नाही. ऱ्हीडने मात्र त्याच्याही पावणेदोनशे वर्षं आधी इट्टी अच्युतन, रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट यांची नावं छापली, म्हणून ती आज आपल्याला माहीत आहेत. तुमच्या वहीत नमुन्याचा क्रमांक, तारीख, जागा आणि उंची यांच्याशेजारी आणखी एक रकाना आखा: हे नाव कुणी सांगितलं, कुठल्या गावात, त्या झुडपाचं ते काय करतात. त्यांना विचारून, त्यांच्या संमतीने त्यांचं नाव लिहा. ग्रामपंचायतीची लोक जैवविविधता नोंदवही असेल तर तीही बघा.

वागाटिया हे नाव आता समानार्थी नावांच्या यादीत गेलंय आणि ते परत येणार नाही. पण कोंडाण्यात आजही कुणी 'वाकेरी' म्हणतं, कुणी 'वाघाटी'. ती नावं कुणाकडून आणि कुठल्या झुडपासाठी ऐकली याची नोंद तुमच्या वहीत राहू शकते. पहिल्या फील्ड ट्रिपपासूनच तो रकाना भरायला लागा.